आधी काठ, मग बोट

बर्लिनच्या दक्षिणेला, लाउझित्स या प्रदेशात झेन्फ्टेनबर्ग नावाचे एक लहान शहर आहे. जून १९७३ मध्ये तिथल्या तळ्याचा पहिला किनारा लोकांना पोहण्यासाठी खुला झाला. तळे सुमारे १३०० हेक्टरांचे, पण अगदी नवे. त्याच जागी काही वर्षांपूर्वीपर्यंत लिग्नाइटची, म्हणजे तपकिरी कोळशाची, उघडी खाण चालू होती. १९६७ ते १९७२ या काळात तिच्यात पाणी सोडण्यात आले. पूर्व जर्मनीत तेव्हा साम्यवादी राजवट होती आणि सामान्य माणसाला सुट्टीसाठी पश्चिमेकडच्या देशांत जाता येत नव्हते. त्यामुळे खाणीच्या खड्ड्याला लागूनची ही चौपाटी हा हा म्हणता गजबजली. ऑटो रिंट या भूदृश्यरचनाकाराने खाण संपण्याआधीपासूनच 'इथे तळे करा, त्याचा काठ आत्ताच आखा' असा धोशा लावला होता. त्याचे ऐकले गेले म्हणून हे घडले.

खाणीतून झालेली तळी आज जगभर आहेत. त्यांवर कुठे शिडाच्या होड्या आहेत, कुठे पाणबुडे, कुठे सायकलवाटा, तर कुठे काटेरी तारेचे कुंपण. आपल्याकडेही बंद कोळसाखाणींत बोटी उतरू लागल्या आहेत आणि 'खाण पर्यटन' हा शब्द सरकारी पत्रकांत रुळला आहे. अशा वेळी जिथे हे काम पन्नास वर्षे चालले आहे तिथे काय घडले आणि काय बिघडले, ते नीट पाहून घ्यावे. या सगळ्या अनुभवाचे सार एका वाक्यात सांगता येते: करमणूक ही खाणीच्या तळ्यावरची शेवटची पायरी आहे, तिच्याखालच्या पायऱ्या महाग आहेत, वेळखाऊ आहेत आणि दिसत नाहीत.

खड्डा भरला म्हणजे तळे झाले?

खाण चालू असताना रात्रंदिवस पंप चालतात. खाण कोरडी राहावी म्हणून आसपासच्या कित्येक मैलांतील भूजल दशकानुदशके खाली ओढले जाते. खाण बंद झाली, पंप थांबले की हे पाणी आपणहून परत येते. मग वेगळे काही करायचे कशाला? कारणे दोन आहेत. एक तर हे पाणी फार सावकाश येते. मोठा खड्डा भरायला अनेक दशके जातात. आणि दुसरे म्हणजे ते आंबट होऊन येते. कोळशालगतच्या थरांत पायराइट हे लोह आणि गंधकाचे खनिज असते. उत्खननात त्याला हवा लागते. परतणारे भूजल त्यातून वाहते तेव्हा गंधकाम्ल आणि लोह घेऊनच खड्ड्यात उतरते. अशा तळ्याचे पाणी बघायला नितळ आणि निळसर-हिरवे दिसते, लोक फोटो काढतात. पण त्या नितळपणाचे कारण पुष्कळदा असे असते की त्यात फारसे काही जगतच नाही.

यावर लाउझित्समध्ये दोन उपाय झाले. श्प्रे, नाइसे, श्वार्त्से एल्स्टर या नद्यांचे पाणी वळवून खड्डे भराभर भरण्यात आले. त्याने आम्लता पातळ होते, शिवाय तळ्याची पातळी भूजलापेक्षा वर राहिली तर पाण्याचा दाब काठाला बाहेरच्या दिशेने आधार देतो. एवढ्याने भागले नाही तिथे चुना विरघळवून टाकणारी जहाजे तळ्यावर फिरवली. हा चुना एकदा टाकून सुटका होत नाही. भूजल आम्ल आणत राहते तोवर तो टाकत राहावा लागतो.

तिसरे आणि सर्वांत अवघड काम काठाचे. उघड्या खाणीत कोळशावरची माती आणि वाळू उचलून मागच्या रिकाम्या खड्ड्यात टाकत पुढे जातात. यंत्राने ओतलेली ही वाळू कुणी दाबलेली नसते. तिचे कण एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. कोरडी असेतो ती उभी राहते. खालून पाणी चढले आणि एखादा लहानसा हादरा बसला की कणांची पकड सुटते आणि काल ट्रक चालत होते ती जमीन पेजेसारखी वाहू लागते. म्हणून काठाच्या आत, जमिनीखाली एक अदृश्य बांधच घालावा लागतो. क्रेनला टांगलेली कंप पावणारी लांब सळई कित्येक मीटर खोल उतरवतात, भोवतालची वाळू बसली की ती वर घेतात आणि थोड्या अंतरावर पुन्हा उतरवतात. काही ठिकाणी भोके पाडून स्फोट घडवतात आणि वाळू बसवतात. किलोमीटरच्या किलोमीटर काठावर हे करायचे. जर्मन एकीकरणानंतर पूर्वेकडच्या बहुतेक खाणी एकदम बंद पडल्या तेव्हा केंद्र सरकारने, राज्यांच्या आर्थिक सहभागाने, 'एलएमबीव्ही' ही सार्वजनिक कंपनी याच कामासाठी उभी केली. लाउझित्स आणि लाइपझिगच्या आसपासचा प्रदेश मिळून आजवर १० अब्ज युरोंहून जास्त पैसा यात गेला आहे आणि काम संपलेले नाही.

काठ खचतो तेव्हा

एवढे करूनही धोका टळतोच असे नाही. १८ जुलै २००९ च्या पहाटे झाक्सन-आनहाल्ट राज्यातील नाख्टरश्टेट या गावाचा तळ्याकाठचा भाग खचून कॉन्कॉर्डिया तळ्यात गेला. घरे गेली, तीन माणसे गेली. हे तळे खाणीतूनच झालेले आणि पर्यटनासाठी वापरात आलेले. जमिनीखालच्या थरात दाबाखाली अडकलेल्या पाण्याकडे पुढे तज्ज्ञांनी बोट दाखवले. तळे बंद झाले ते सुमारे दहा वर्षे. २०१९ मध्ये त्याचा एक भाग पुन्हा खुला झाला.

क्नापेनझे या तळ्याची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १९४५ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, ही खाण कुठल्याही आखणीविना भरली. पुढे कित्येक पिढ्या तिथे पोहल्या, तंबू ठोकले, सुट्टीतली घरे बांधली. सत्तर वर्षे काही झाले नाही. आणि तरीही २०१४ मध्ये तळे बंद करावे लागले, कारण काठ सुरक्षित नाही असे तपासणीत दिसले. झेन्फ्टेनबर्गच्या तळ्यातल्या बेटाचा काठ सप्टेंबर २०१८ मध्ये घसरला आणि तिथले नौकानयन काही काळ थांबवावे लागले. पहिली चौपाटी सुरू झाल्यावर पंचेचाळीस वर्षांनी! 'इतकी वर्षे काही झाले नाही' हा युक्तिवाद खाणीच्या तळ्यापाशी चालत नाही.

भंगार नाही, वारसा

या पायावर पर्यटन उभे राहिले ते कसे? १९९० नंतर लाउझित्समध्ये हजारो माणसे बेकार झाली आणि जुन्या यंत्रांचा लोकांना तिटकारा आला होता. २००० ते २०१० या दशकात तिथे एक आंतरराष्ट्रीय बांधकाम प्रदर्शन भरले. त्याचे प्रमुख रोल्फ कून यांनी उलटी भूमिका घेतली: खाणीच्या खुणा पुसू नका, त्याच दाखवा. लिख्टरफेल्ड गावाजवळचा 'एफ-६०' हा मातीवाहू पूल ५०२ मीटर लांब आहे. तो १९९१-९२ मध्ये जेमतेम वर्षभर चालला आणि खाणच बंद झाली. भंगारात जायचा तो २००२ पासून प्रेक्षणीय स्थळ आहे. लोक हेल्मेट घालून त्यावर चढतात आणि खाली नव्या तळ्याचे पाणी पाहतात. ग्रोसरेशन या गावाने तर तळ्यात पाणी येण्याआधीच खाणयंत्राच्या भागांतून धक्का बांधला. पाणी सोडायला २००७ मध्ये सुरुवात झाली, तोवर तो धक्का कोरड्या खड्ड्यावर उभा होता.

झेन्फ्टेनबर्ग आणि गायर्सवाल्डे या दोन तळ्यांना जोडणारा सुमारे एक किलोमीटरचा कालवा २०१३ मध्ये खुला झाला. त्यातून जाणे हा स्वतंत्र अनुभव आहे. दोन तळ्यांची पातळी सारखी नाही, म्हणून बोट आधी जलपाशात शिरते. मागचे दार बंद होते, पाणी चढते किंवा उतरते, पुढचे दार उघडते. वाटेत दोन बोगदे लागतात. एक बोगदा महामार्गाखालून जातो आणि दुसरा चक्क श्वार्त्से एल्स्टर नदीखालून: वर नदी वाहते, खाली बोट चालते. अशा कालव्यांनी दहा तळी एकमेकांना जोडायची मूळ योजना आहे. तळ्यांवर तरंगती घरे आली आहेत आणि काठ राखण्यासाठी केलेले रस्ते डांबरी सायकलवाटा झाले आहेत. तीन तळ्यांच्या मधल्या गंजलेल्या पोलादाच्या ३० मीटर उंच मनोऱ्याला लोक 'गंजका खिळा' म्हणतात. तो जिथे उभा आहे त्या परिसरात एके काळी झोर्नो नावाचे गाव होते.

लाइपझिगची कथा शहरी आहे. शहराच्या दक्षिणेचे कॉस्पुडेन तळे २००० मध्ये खुले झाले आणि शहरातली माणसे सायकलवरून संध्याकाळी पोहायला जाऊ लागली. शेजारी मार्कक्लेबेर्गला खवळत्या पाण्यात होड्या चालवण्याचा कृत्रिम प्रवाह आहे. श्ट्योर्मटाल तळ्यावर चर्चच्या आकाराची एक तरंगती वास्तू आहे. खाणीसाठी पाडलेल्या माग्डेबोर्न गावाची ती आठवण, आणि आता तिथे लग्नेही लागतात. शहर जवळ असले की तळे वर्षभर वापरले जाते आणि खर्चाची थोडीफार भरपाई होते. लाउझित्सला ही सोय नाही.

सगळीच तळी पोहण्याजोगी नसतात

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील कुयुना हा जुना लोहखनिजाचा पट्टा. तिथल्या खाणी संपल्यावर खड्डे पावसाने आणि भूजलाने भरले, टेकाडांवर जंगल माजले. १९९३ मध्ये राज्याने हा भाग करमणुकीसाठी राखीव केला. पाणी नितळ असल्याने पाणबुडे येऊ लागले, ट्राउट मासे सोडले गेले. पण गावांचे नशीब पालटले ते सायकलींमुळे. २०११ मध्ये लाल मातीच्या टेकाडांवर डोंगरी सायकलवाटा तयार झाल्या आणि क्रॉस्बी, आयर्नटन या मरगळलेल्या खाणगावांत सायकलची दुकाने आणि कॅफे आले. गंमत अशी की इथे खरे आकर्षण खड्ड्यापेक्षा त्यातून काढून टाकलेल्या मातीचे आहे. याच पट्ट्यातल्या मिलफर्ड खाणीत १९२४ मध्ये तळ्याचे पाणी घुसून ४१ कामगार बुडाले होते; तिथे आता स्मारक-उद्यान आहे.

इंग्लंडमधील स्टोनी कोव्ह ही ग्रॅनाइटची जुनी खाण झऱ्यांच्या पाण्याने भरली आणि देशातल्या पाणबुड्यांची शाळा झाली. तिथे जुनी जहाजे मुद्दाम बुडवून ठेवली आहेत. प्रवेशावर नियंत्रण आहे, बचावपथक आहे, खोलीनुसार नियम आहेत. थोडक्यात, ज्याला पाणी कळते त्यालाच पाण्यात सोडतात.

दुसऱ्या टोकाला मोंटानामधील बर्कली पिट. ही तांब्याची खाण १९८२ मध्ये बंद झाली, पंप थांबले आणि जड धातूंनी भरलेले तीव्र आम्लाचे तळे तयार झाले. १९९५ मध्ये त्यावर उतरलेले ३४२ हिमहंस मेले. २०१६ मध्ये पुन्हा तसेच, आणि त्या वेळी आकडा हजारांत गेला. इथेही पर्यटक येतात, तिकीट काढून सज्ज्यावरून पाहतात आणि परत जातात. काही खाणींच्या बाबतीत यापेक्षा जास्त जवळीक नको, हाच शहाणपणा.

इंग्लंडमध्येच बक्स्टनजवळ चुनखडीच्या एका बंद खाणीत निळेशार पाणी साठले. लोक तिला 'ब्लू लगून' म्हणू लागले आणि मुलाबाळांसह पोहायला येऊ लागले. प्रत्यक्षात ते पाणी कपडे पांढरे करायच्या ब्लीचच्या जवळ जाईल इतके अल्कधर्मी होते. आत मोडक्या गाड्या आणि मेलेली जनावरे होती. फलक लावले, कुणी वाचले नाहीत. शेवटी २०१३ मध्ये स्थानिक परिषदेने पाण्यात काळा रंग ओतला. निळाई गेली, तशी गर्दीही गेली. धोक्याच्या पाट्या ज्यांनी वाचल्या नाहीत, त्यांना काळ्या पाण्याने परत पाठवले.

पाणी कुणाचे, लाभ कुणाचा

तळ्याकाठच्या कॅफेत बसल्यावर ज्यांचे गाव खाणीत गेले त्यांची आठवण सहसा होत नाही. लाउझित्समध्ये लिग्नाइटसाठी १३० हून जास्त गावे पूर्णतः किंवा अंशतः उठली. त्यांत सोर्ब या अल्पसंख्य स्लाव समाजाची पुष्कळ गावे होती. होर्नो गावात उठलेल्या गावांचे दप्तर जतन करणारे एक संग्रहालय आहे. चौपाटीने रोजगार आणला हे खरे, पण तो हंगामी आणि कमी पगाराचा. खाणीच्या नोकरीची बरोबरी तो करू शकला नाही आणि तरुण मंडळी बाहेर गेली ती गेलीच.

आता प्रश्न पाण्याचा आहे. कॉटबुस-नोर्ड खाणीत २०१९ पासून पाणी सोडून सुमारे १९ चौरस किलोमीटरांचे तळे तयार करण्यात आले. एवढ्या तळ्यातून उन्हाळ्यात होणारे बाष्पीभवनही तेवढेच मोठे. शिवाय इतकी वर्षे खाणींतून उपसलेले पाणीच श्प्रे नदीला जगवत होते. कोरड्या उन्हाळ्यात नदीचे तीन चतुर्थांशापर्यंत पाणी या उपशाचे असते, असा इशारा जर्मनीच्या पर्यावरण खात्याने २०२३ मध्ये दिला. खाणी बंद होतील तसे हे पाणी आटणार, आणि बर्लिन हे शहर त्याच नदीवर अवलंबून आहे. म्हणजे एकाच पाण्यावर तळे, नदी आणि राजधानी असे तिघांचे हक्क आहेत.

आपल्याकडे

छत्तीसगडमधील सूरजपूर जिल्ह्यात बिश्रामपूरजवळच्या केनापारा येथे बंद कोळसाखाणीच्या तळ्यावर बोटी, तरंगते उपाहारगृह आणि पिंजऱ्यातली मत्स्यशेती सुरू झाली. नागपूरजवळ सावनेरला 'वेकोलि' या सरकारी कोळसा कंपनीने इको पार्क केला आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाबरोबर खाण पर्यटन चालू केले. खाणीचे उपसलेले पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत भरण्याचा प्रयोगही वेकोलिचाच. गोव्यात साखळीच्या जुन्या खाणीवर झाडे वाढली, मत्स्यशेती झाली, फुटबॉल अकादमी आली. हे सारे स्वागतार्ह आहे. पण खड्ड्यांची संख्या पाहिली तर ही बोटांवर मोजण्याइतकीच उदाहरणे आहेत.

चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर, वणी, उमरेड या पट्ट्यात फिरले की जागोजागी ओबीचे, म्हणजे खाणीतून उपसून टाकलेल्या मातीचे, डोंगर दिसतात. इरई नदीकाठचे ढिगारे ही चंद्रपूरकरांची जुनी तक्रार आहे: माती नदीत उतरते, पात्र अरुंद होते आणि पुराचे पाणी वस्तीत शिरते. ढिगाऱ्यांवर विलायती बाभूळ आणि झुडपे माजली की तिथे वाघ येतो. दुर्गापूर-ऊर्जानगर भागात वाघ आणि बिबट्याचे हल्ले झाले आहेत. लाउझित्समध्ये सायकलवाट आखताना वाघाचा विचार करावा लागत नाही. चंद्रपुरात तो आधी करावा लागेल. आणि जमीन खचण्याचे म्हणाल तर ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसला जुन्या भूमिगत खाणीवरचे एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. आसपासच्या कुटुंबांना हलवावे लागले. ही खाण उघडी नव्हती, हे मान्य. पण जुन्या खाणींचे नकाशे आणि तपासण्या किती विश्वासाच्या, हा प्रश्न दोन्हींना सारखाच लागू आहे.

आपल्या खड्ड्यांची घडणही निराळी आहे. जर्मन काठ उतरता केलेला असतो, माणूस हळूहळू खोल पाण्यात जातो. आपल्या दगडखाणींना आणि कोळसाखाणींतल्या बेंचना, म्हणजे पायऱ्यांना, उभ्या भिंती असतात. पहिले पाऊल घोट्याइतक्या पाण्यात आणि दुसरे पुरुषभर खोलीच्या खाली. शिवाय वरचे पाणी उन्हाने कोमट आणि थोडे खाली एकदम गार. पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय गळतात. पुण्या-मुंबईच्या आसपासच्या दगडखाणींत मुले बुडाल्याची बातमी दरवर्षी येते, ती याच कारणांनी. वाघोलीसारख्या ठिकाणी याच खाणी गणेशमूर्तींच्या विसर्जनासाठीही वापरल्या गेल्या आहेत. म्हणजे लोक या पाण्याचा वापर करतच आहेत. सोय मात्र कुणी केलेली नाही.

गोव्यात सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि डिचोली, सत्तरी, सांगेतले खंदक पावसाने भरत राहिले. उन्हाळ्यात त्यांतले काही पाणी पिण्याच्या योजनांकडे वळवले जाते. तिथे बोटीचा विचार करण्याआधी पिण्याचे पाणी आधी की पर्यटन, हे ठरवावे लागेल. खंदकाचा काठ फुटला तर खालच्या बागायतींत आणि शेतांत लाल गाळ जातो, हे त्या गावांनी अनुभवलेले आहे.

पैशाचे आणि मालकीचे काय? केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाणबंदीचे नियम आणले. उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपयांच्या हिशेबाने रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची, अशी तरतूद झाली. नंतर नियम सुधारत गेले. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खाण संपलेली संपादित जमीन भाडेपट्ट्याने इतर कामांना देण्याचे धोरण मंजूर केले. मालकी सरकारी कंपनीचीच राहणार. ज्या शेतकऱ्याची जमीन गेली त्याला ती परत नाही, आणि तिच्यावर झालेल्या तळ्यात त्याचा वाटा किती, हेही कुठे लिहिलेले नाही. केनापाऱ्यात स्थानिक गटांना काम मिळाले हे चांगलेच, पण मोलमजुरीला वाटा म्हणता येणार नाही.

या साऱ्याचा निष्कर्ष असा की खाणीचे तळे हे धरणासारखेच सार्वजनिक बांधकाम आहे आणि त्याची तपासणीही धरणासारखीच, कायमची व्हायला हवी. जिथे हे मान्य झाले तिथे तळी टिकली. जिथे झाले नाही तिथे ती बंद करावी लागली किंवा माणसे गेली. आपल्याकडे क्रम उलटा लागतो आहे. उद्घाटनाला बोट आधी येते आणि काठाचा अहवाल मागाहून, आला तर.

म्हणून तुमच्या जिल्ह्यात अशा तळ्याची घोषणा झाली की ग्रामसभेत तीन कागद मागा: काठाच्या स्थिरतेचा अहवाल, पाण्याच्या तपासणीचा अहवाल आणि पुढची पंचवीस वर्षे देखभालीचा खर्च कोण करणार याचा लेखी करार. तिन्ही मिळाले तर खुशाल मुलाबाळांना घेऊन जा. एकही कमी असेल, तर बोट कितीही रंगीत असो, काठावरच थांबा.